गवती चहाचा इतिहास कोठे शोधावा?

न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेले गवती चहाचे बेट कोकणात आणि देशावर कित्येक परसांत दिसते. पावसाळी सर्दीत त्याच्या दोन पाती आल्याबरोबर उकळत्या आधणात पडतात. इतक्या परिचित वनस्पतीचा इतिहास शोधू गेल्यास मात्र हाती फारसे लागत नाही.

प्रथम नाव पाहू. ते चहाच्या आधीचे असू शकत नाही. १६३८ साली सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथील चहापानाची नोंद केली आहे. परंतु एका बंदरातील ती रीत म्हणजे घराघरातील चहा नव्हे. आसामच्या चहाचा लंडनमधील पहिला लिलाव १८३९ चा. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये दिल्या गेलेल्या चहामुळे टिळक-रानड्यांसह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला (तो वाद चहाचा नव्हता, तो कोणाच्या हातचा याचा होता). हिंदुस्थानी माणसाने घरी चहा प्यावा यासाठीचा पद्धतशीर प्रचार तर विसाव्या शतकातला.

वनस्पती नावाहून जुनी आहे. चरकसंहितेत येणारे ‘भूस्तृण’ ते हेच, असे अनेक अभ्यासक मानतात.

कागदोपत्री नोंद झाली ती या गवताच्या भाऊबंदांची, कारण त्यांच्या तेलाला भाव होता. खानदेशात रानची तिखाडी, म्हणजेच रोशा गवत, भट्टीवर चढवून तेल काढीत. ते मुंबईमार्गे तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. युरोपात विकल्या गेलेल्या ‘अस्सल’ गुलाबाच्या अत्तरात आपल्या सातपुड्याचे गवत असावे, हा विनोद इतिहासाने फुकट केलेला आहे. मलबारातील गवताचे तेल कोचीन बंदरातून जाई. त्यातील सिट्रालपासून टीमान व क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ साली आयोनोन बनविले, आणि व्हायोलेट फुलाचा सुगंध कारखान्यात तयार होऊ लागला.

परसातल्या गवती चहाला असे दप्तर नाही. त्याला सहसा फुलोरा येत नाही, मग बी कोठून येणार? प्रत्येक बेट हा दुसऱ्या बेटाचा तुकडा असतो. मृगाच्या सरी झाल्या की पाती वीतभर ठेवून कापावीत, मुळासकट ठोंब सुटे करावेत आणि हातभर अंतराने, पाणी न साचणाऱ्या जागी लावावेत. तीन-चार वर्षांत बेट मधून वाळू लागते. ते फोडावेच लागते, आणि फोडले की वाटावे लागते. ही देवघेव ना बाजारात झाली, ना जकातनाक्यावरून गेली. ती शेजारणींत, नणंदा-भावजयांत झाली. म्हणून ती लिहिली गेली नाही.

पात आधणात अगदी शेवटी टाकून वर झाकण ठेवावे. सिट्राल वाफेबरोबर उडून जाते. चूल असलेल्या कोणत्याही आजीला हे रसायनशास्त्राविना ठाऊक होते.

आपल्या घरचे बेट कोणाकडून आले, त्यांच्याकडे कोठून आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून या धाग्याखाली अवश्य लिहावे. गावाचे नाव आणि अंदाजे वर्षही द्यावे.