एलएक्सआय म्हणजे काय? लॅबमधली उपकरणं नेटवर्कवरून कशी चालतात?

ऑसिलोस्कोप, मल्टिमीटर, पॉवर सप्लाय ही उपकरणं कॉम्प्युटरवरून चालवायला पूर्वी जीपीआयबीची जाड केबल लागायची. १९७५ मध्ये तिचं आयईईई ४८८ हे मानक आलं. कॉम्प्युटर धरून १५ उपकरणं आणि एकूण २० मीटर केबल, ही तिची मर्यादा. २००५ मध्ये आलेल्या एलएक्सआय मानकाने हेच काम साध्या लॅन केबलवर आणलं.

भाषा मात्र बहुतेक ठिकाणी १९९० मधलीच: एससीपीआय, उच्चार 'स्किपी'. आज्ञा साध्या अक्षरांत लिहायची. उत्तर हवं असेल तर प्रश्नचिन्ह द्यायचं. व्होल्टेज विचारलं, की मीटर आकडा पाठवतो. अनेक उपकरणं या आज्ञा टीसीपी पोर्ट ५०२५ वर ऐकतात.

धोकाही इथेच आहे. या पोर्टवर सहसा पासवर्ड विचारला जात नाही. ५ व्होल्टच्या सर्किटला जोडलेल्या सप्लायला कुणी ३० व्होल्टची आज्ञा दिली, तर तो मुकाट्याने ती पाळतो आणि बोर्ड जळतो. म्हणून उपकरणांचं नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा. आपल्याच प्रोग्राममध्ये चूक झाली तर बोर्ड वाचावा, यासाठी सप्लायची ओव्हरव्होल्टेज मर्यादाही आधीच लावून ठेवा.