जलशुद्धी, यंत्र आणि वसाहत : उल्हासनगरच्या संदर्भात शौचसंस्कृतीचा विचार

जपानमधील टोटो कंपनीने १९८० मध्ये ‘वॉशलेट’ हे पाण्याने धुणारे विद्युत आसन बाजारात आणले. तेथे ती नवलाई ठरली; भारतीय समाजात मात्र जलशुद्धी ही पूर्वापार रीत होती. त्यामुळे आपल्याकडील शौचालयाच्या इतिहासाचा मूळ प्रश्न यंत्राचा नसून जागा, पाणी आणि सफाईचे श्रम यांचा आहे.

उल्हासनगर हे याचे बोलके उदाहरण होय. दुसऱ्या महायुद्धकाळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले. १९४९ मध्ये या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. सैनिकांच्या तात्पुरत्या सामूहिक मुक्कामासाठी उभारलेल्या बराकी हीच कुटुंबांची घरे झाली. साहजिकच शौचाचा खाजगीपणा, विशेषतः स्त्रियांचा, ही येथे चैन नव्हे तर पुनर्वसनाची कसोटी होती.

दुसरी कसोटी श्रमाची. हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या कायद्याने बंदी घातली. २०१३ च्या कायद्याने गटारे व मैलाटाक्यांच्या धोकादायक सफाईसही ती लागू केली. आसन स्वयंचलित झाले, पण टाकीत माणूसच उतरत राहिला, तर त्या स्वच्छतेस आधुनिक कसे म्हणावे? स्नानगृहाचा इतिहास भिंतीपाशी थांबत नाही; तो गटारापर्यंत लिहिला गेला पाहिजे.