दोन हिवाळ्यांचं बी

आमच्या घरी बी जपायचं म्हणजे वाळवायचं. वालाचं बी कडक उन्हात टाकायचं, राखेत घोळवायचं, डब्याचं झाकण घट्ट लावायचं. ओल लागली की बी गेलं. त्यामुळे अमेरिकी जिनसेंगबद्दल वाचताना मी थबकलो. हे बी वाळलं की मरतं.

लाल फळ पिकतं तेव्हा आतला गर्भ अर्धवटच वाढलेला असतो. एक हिवाळा, एक उन्हाळा आणि पुन्हा एक हिवाळा ओलसर मातीत काढल्यावरच कोंब येतो. या झाडाचा इतिहास म्हणजे या संथपणाशी माणसांनी घातलेला वाद आहे.

चीनमध्ये राहणाऱ्या पिएर झार्तू या जेसुइट पाद्रीनं १७११ साली एका पत्रात जिनसेंगचं वर्णन केलं आणि कॅनडाच्या जंगलातही ते असावं, असा अंदाज बांधला. ते वाचून मॉन्ट्रियलजवळच्या लाफितो या पाद्रीनं शोध सुरू केला. १७१६ साली त्याला झाड सापडलं. एका मोहॉक बाईनं ते लगेच ओळखलं. तिच्या लोकांचं ते जुनंच औषध होतं.

मग मुळं जहाजांतून कँटनला जाऊ लागली. १७५२ साली क्वेबेकमधून पाच लाख लिव्रांचा माल गेला. हाव सुटली. सप्टेंबरऐवजी मे महिन्यातच खणायला सुरुवात झाली, मुळं भट्टीत घाईनं सुकवली. चिनी व्यापाऱ्यांनी माल नाकारला आणि १७५४ साली निर्यात ३३ हजारांवर आली. बाजार बुडाला एवढंच आपण लक्षात ठेवतो. पण मे महिन्यात झाडाला पिकलेलं फळच नसतं. म्हणजे मुळासोबत पुढची पिढीही उपटली जात होती.

१८८०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या जॉर्ज स्टँटन या निवृत्त पत्रेकारागिरानं झाडांवर सावली धरून जिनसेंगची शेती जमवली. आज शेतकरी बी विकत घेताना पहिला प्रश्न विचारतात: ताजं की मुरवलेलं? ताजं बी जाळी लावलेल्या पेटीत, ओलसर वाळूत, वर्षभर जमिनीत पुरतात. मुरवलेलं बी शरदात पेरलं की येत्या वसंतात उगवतं. पेरेपर्यंत तेही ओलसरच ठेवायचं. पाण्यात टाकल्यावर तरंगणारं बी बहुधा पोकळ, म्हणून ते काढून टाकायचं.

१९७५ साली या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत नियम आहे: जंगलातलं झाड खणलंत, तर त्याची पिकलेली फळं तिथंच मातीत लावायची.

क्वेबेकमध्ये खणणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं, तरी त्यांनी ऐकलं असतं का, कोण जाणे. आज लावलेल्या त्या फळातलं बी खणणाऱ्याला कोंबही दाखवणार आहे ते दीड वर्षानं, आणि विकण्याजोगं मूळ आणखी कित्येक वर्षांनी.