हजारी ६१.६

आधी हे आकडे वाचा. साल १९१८, शहर मुंबई, रोग इन्फ्लुएन्झा. दर हजारी मेले किती? युरोपियन ८.३. पारशी ९. अँग्लो-इंडियन ११.९. हिंदी ख्रिस्ती १८.४. सवर्ण हिंदू १८.९. मुसलमान १९.२. आणि ज्यांना त्या तक्त्यात 'लो कास्ट हिंदू' म्हटलंय, म्हंजे आपले आजे-पणजे, ते ६१.६.

घाईत पुढं जाऊ नका दोस्तहो, परत वाचा. सोळा माणसांत एक. साहेबाच्या बंगल्यात एकशेवीस माणसांत एक. ताप एकच, शहर एकच, महिनेही तेच.

मी गिरणीत राबणारा माणूस, इतिहासाचा मास्तर नाही. पण शाळेत शिकवलेला इतिहास आठवून बघतो तेव्हा हा आकडा कुठंच सापडत नाही. पानिपतात किती मेले ते पोरांना पाठ असतं. आपली माणसं साथीत, पुरात, दुष्काळात मेली, ती 'नैसर्गिक आपत्ती'त मेली. म्हंजे निसर्गानं मारलं, माणसाचा हात नाही, खटला संपला. हा खटला परत उघडायचाय.

१९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापानं आडवे झाले. महायुद्धातनं परतणाऱ्या बोटी गोदीला लागत होत्या, साथ त्यांच्याबरोबर आली. पहिला हल्ला हलका होता. सप्टेंबरात ती परत आली ती काळ बनून. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं मेली. त्या वर्षी पावसानं दगा दिलेला, पीक बुडालेलं, धान्याचे भाव चढलेले. अर्धपोटी माणूस, एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, हवा यायला खिडकी नाही, आजारी पडला तर त्याच खोलीत पडायचं आणि दुसऱ्या दिवशी पाळी भरायला जायचं, कारण खाडा झाला की पगार कापला. हा रोग छातीत उतरायचा, न्यूमोनिया व्हायचा. औषध कुणाकडंच नव्हतं, साहेबाकडंही नव्हतं. जे वाचले ते अन्न, पाणी, ऊब, मोकळी खोली आणि उशाला बसणारं माणूस यांच्यावर वाचले. यातलं आपल्याकडं शेवटचं तेवढं होतं, आणि तेही तापानं फणफणलेलं.

हिंदुस्थानात त्या साथीत मेले एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत. जगातल्या दुसऱ्या कुठल्याच देशात इतके मेले नाहीत. पण नुसता रोगच मारतो असं म्हणणाऱ्यांनी पॅसिफिक समुद्रातली सामोआ बेटं बघावीत. पश्चिम सामोआवर न्यूझीलंडच्या लष्कराचा अंमल होता. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑकलंडहून 'टालून' नावाची बोट आली, आजारी उतारूंना कुणी अडवलं नाही, आणि तिथला पाचातला एक माणूस मेला. शेजारच्या अमेरिकन सामोआच्या गव्हर्नरानं बोटी रोखल्या. तिथं एकही मेला नाही. रक्त तेच, भाषा तीच, मधे थोडं पाणी आणि खुर्चीवर बसलेला माणूस वेगळा.

त्याच नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर म्हणून रुजू झाले. राहायला परळला, इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत. आणि जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो कमिटीपुढं उभं राहून त्यांनी अस्पृश्यांना स्वतःचे प्रतिनिधी हवेत असं ठणकावलं. सोळात एक माणूस उचलल्याला तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते. ही तारीख आपल्या जयंतीच्या भाषणांत येत नाही. यायला पाहिजे.

ती चाळसुद्धा साथीनंच उभी केलेली. इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ मध्ये निघाला तो प्लेगमुळं. गलिच्छ वस्त्या पाडायच्या आणि गरिबांना हवेशीर खोल्या द्यायच्या असं ठरलं. खोल्या पाडल्या जास्त, बांधल्या कमी. पाडलेल्यांतली माणसं गेली कुठं? शेजारच्या खोलीत गेली, तिथली गर्दी दुप्पट केली. ज्यांच्या चाळी-झोपड्यांवर बुलडोझर फिरलाय त्यांना हे समजवायला नको.

प्लेगचं सांगतो, कारण तिथं आपलं कल्याण येतं. १८९४ मध्ये हाँगकाँगात प्लेग होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला. मांडवी म्हंजे धान्याची कोठारं, कोठारं म्हंजे उंदीर. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतनं पावणेचार लाखांच्या वर माणूस पळाला. घाटावर जायचं तर आगगाडीनं, आणि आगगाडी म्हंजे कल्याण. इथनं एक फाटा नाशकाकडं, एक पुण्याकडं. म्हणून कल्याण स्टेशनवर डॉक्टर बसवले, उतारूंना खाली उतरवून काखा-जांघा चाचपायला लागले. बायांच्यासुद्धा. त्यातही जाच तिसऱ्या वर्गाच्या उतारूला, पहिल्या वर्गातल्या साहेबाला कोण हात लावतो! आणि गंमत बघा, १८९८ मध्ये कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं की प्लेग पसरवते ती उंदरावरची पिसू. म्हंजे रोग चालला होता धान्याच्या पोत्यातनं आणि गाठोड्यातनं, आणि झडती चालली होती गरिबाच्या जांघेची. आज आपण ज्या फलाटावर कर्जत-कसाऱ्याच्या लोकलला लटकायला उभे राहतो ते हेच स्टेशन.

आणखी एक तारीख. २९ ऑक्टोबर १८९६. हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथीच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. पांढरपेशा लेखक याला अडाण्यांची अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. मला वेगळं दिसतं. हॉस्पिटलात नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता. नेताना घरच्यांना विचारत नव्हते, मागं झोपडी जाळत होते, चीजवस्तू जाळत होते. अशा दाराशी दगड घेऊन जाणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. याच कामगारानं त्या साथीत मालकाला नमवलं, तेही इतिहासात आहे. एरवी गिरणी पगार महिना-महिना अडकवून ठेवायची. माणसं पळाल्यावर मालकांची अशी तारांबळ उडाली की रोजचा पगार रोज हातात द्यावा लागला, नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लागली. साथ ओसरली तसं सगळं पूर्वपदावर.

पण त्या साथीत सरकार खरं घाबरलं ते भंगी-हलालखोरांना. म्युनिसिपल कमिशनर स्नो यानं आपल्या अहवालात कबूल केलंय की हे लोक शहर सोडून गेले असते तर मुंबई राहण्याजोगी उरली नसती, आणि म्हणून सुरुवातीची जबरदस्ती त्याला सैल करावी लागली. बघा, ज्यांची सावली नको त्यांच्या पाठीवर शहर उभं. हे स्नोला कळलं. आपल्याला कळायला अजून किती साथी लागणार कोण जाणे.

प्लेग म्हटलं की पुण्याचा रँड आणि २२ जून १८९७ हे सगळ्यांना माहीत. गोळी कुणी झाडली, फाशी कोण गेलं, पोवाडे आहेत, सिनेमा आहे. त्याच्या साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला, सावित्रीमाई त्याच प्लेगनं गेल्या. यशवंतरावांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना काढलेला. मुंढव्याच्या महारवाड्यातलं गायकवाडांचं पोर, पांडुरंग, प्लेगनं पडलं. माईंनी त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. पोर वाचलं, माई गेल्या. वय सहासष्ट. त्या पुण्यात त्या दिवसांत घरात सोवळं मोडलं म्हणून संतापणारे पुष्कळ होते, महाराच्या पोराला पाठीवर घेणारं माणूस हे एक.

आता जवळ येतो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. महाराष्ट्रात हजारावर माणसं मेली. मिठी नदी तेव्हा सगळ्या जगाला कळली, वालधुनी कुणाला कळली? अंबरनाथहून निघून उल्हासनगरातनं कल्याणात येणारी ही नदी. तिच्या पाण्यात कारखान्यांनी रसायन सोडलं, काठ भराव टाकून आवळला आणि उरलेल्या अरुंद पट्टीत कोण राहिलं? ज्याला दुसरीकडं जागा कुणी दिली नाही तो. २००५ ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही फुगल्या, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर ऑगस्टात मुंबई-ठाण्यात लेप्टो आला, उंदराच्या मुतातनं, चिखलात अनवाणी उतरणाऱ्यांना. चिखलात कोण उतरतं ते सांगायला नको. २०१४ च्या नोव्हेंबरात याच वालधुनीत कुणीतरी रसायन ओतलं आणि उल्हासनगरात शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली. त्यात पाऊसही नव्हता की पूर.

त्या २६ जुलैनंतर महिनाभरानं, २९ ऑगस्ट २००५ ला, अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे बांध कॅटरिना वादळात फुटले. शहर सोडा म्हणून हुकूम निघाला होता. ज्याच्याकडं मोटार तो निघाला. गाडी नसलेले काळे लोक छपरांवर अडकले. पँथरचं नाव आपण १९७२ मध्ये त्यांच्याकडूनच उचललं, ते उगीच नाही.

आणि २०१९ ची २७ जुलै आठवा. महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मधे पाण्यात अडकली, हजारभर प्रवासी. बोटी आल्या, नौदल आलं, हेलिकॉप्टर आलं, सगळे सुखरूप निघाले. चांगलं झालं, मी मनापासून म्हणतो. त्याच दिवशी त्याच नद्यांच्या काठच्या झोपड्यांत माणसं पत्र्यावर पोरं घेऊन बसली होती. टीव्हीवर दिवसभर गाडी.

मग कोरोना. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्रानं साथरोग कायदा लावला. कुठला? १८९७ चा. तोच, प्लेगचा, ज्याच्या जोरावर कल्याण स्टेशनवर काखा चाचपल्या. सव्वाशे वर्षांत रोग बदलला, राज्य बदललं, कायदा कपाटातनं जसाच्या तसा निघाला. २३ मार्चला लोकल बंद. दोन दिवसांनी देश बंद. नाशिक हायवेवरनं ठाणे, भिवंडी, शहापूर करत माणसं चालत निघाली. भिवंडीतनं मजुरांची पहिली गाडी गोरखपूरला सुटली ती २ मेच्या रात्री, तोवर यंत्रमाग थंड आणि चूलही थंड. आणि 'सोशल डिस्टन्सिंग'! सरकारनं सामाजिक अंतर पाळा म्हणून भिंती रंगवल्या. हा शब्द सुचवणाऱ्याला गावकूस दाखवायला पाहिजे होतं. घरी बसायला सांगितलेल्या त्या महिन्यांत झाडू मारणारा, गटार काढणारा, सरणापर्यंत प्रेत पोचवणारा मात्र 'अत्यावश्यक'. कल्याण-डोंबिवलीतनं पहाटे बसला लोंबकळत तो मुंबईत जायचा. म्हंजे स्नोसाहेबाची भीती अजून जिवंत होती.

त्यांतले किती मेले? रोज संध्याकाळी पालिका आकडे काढायची. वय होतं, बाई-पुरुष होतं, विभाग होता. जात नव्हती. मृत्यूच्या दाखल्यावर ती नसतेच. अमेरिकेत काळे-गोरे वेगळे मोजले, म्हणून एप्रिल २०२० मध्ये जगाला कळलं की शिकागोत काळे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी, पण कोरोनानं मेलेल्यांत दहांत सात. त्यावर तिथं बोंब उठली, महापौराला उत्तर द्यावं लागलं. आपल्याकडं बोंब मारायला आकडाच नाही.

इथं आपल्यातलेच काही जण अडवतील. म्हणतील, आपण जात मोडायला निघालो आणि हा मेल्यावरही जात लिहा म्हणतो. मलाही हा प्रश्न पडतो. इंग्रजानं जात मोजली ती आपल्यावरच्या प्रेमापोटी नाही, राज्य करायला मोजली. तरी त्याच्या कागदात ६१.६ राहिला, आणि शंभर वर्षांनी मी तो तुमच्यापुढं ठेवू शकतो. जात जगण्यात जागोजाग आहे, नोकरीत आहे, नदीच्या काठावर आहे, फक्त मरणाच्या वहीत नाही. ती तिथं नसण्याचा फायदा कुणाला होतो ते बघा. आपल्याला होत नाही.

सरकार मोजेल तेव्हा मोजेल. आम्ही चौघांनी वालधुनीच्या काठानं एक दोनशे पानी वही फिरवायला घेतलीय. मेलेल्याचं नाव, वय, जात, काम काय करत होता, कुठल्या साली, पुरानं की तापानं की कोरोनानं, दवाखान्यात खाट मिळाली का, भरपाई मिळाली का, घरात मागं कोण. म्हाताऱ्या माणसांकडं आधी जातो, कारण २००५ आता त्यांनाच नीट आठवतं. रविवारी सुट्टी असते तेव्हा निघतो. डोंबिवली, ठाणे, कळवा, मुंब्र्याच्या साथींनी आपापल्या वस्तीत अशीच वही काढावी. रकाने हेच ठेवा, म्हंजे नंतर सगळ्या वह्या एकत्र जोडता येतील.