बदल्यांचा कायदा आणि टोकाचे गाव

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील देवगड तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग वसले आहे. खाडी ओलांडली की रत्नागिरी जिल्हा. आंग्र्यांच्या आरमाराचे हे एकेकाळचे प्रमुख ठाणे आज तालुक्यापासून आणि ओरोसच्या जिल्हा मुख्यालयापासून दूरचे गाव म्हणून ओळखले जाते. सातबारा, दाखला किंवा वारसनोंद यांसाठी ग्रामस्थांना जो शासकीय कर्मचारी लागतो, तो सजेवर आहे की त्या पदाचा कार्यभार शेजारच्या सजेकडे ‘अतिरिक्त’ म्हणून दिला आहे, यावर येथील अनेकांचा दिवस अवलंबून असतो. अशा गावांच्या दृष्टीने राज्य कर्मचाऱ्यांच्या सेवानियमांतील सर्वांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे बदल्यांचा कायदा होय.

महाराष्ट्र शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम, २००५ असे त्याचे लांबलचक नाव आहे. तो १ जुलै २००६ पासून अमलात आला. तोपर्यंत बदली हा प्रामुख्याने शासन निर्णयांचा आणि व्यवहारात शिफारशींचा विषय होता. वस्तुतः राजकीय दबाव आणण्यास १९७९ च्या वर्तणूक नियमांनीच मनाई केलेली होती. पण पाळला गेला नाही असा नियम दाखवायचा झाल्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. माहितीच्या अधिकाराबरोबरच बदल्यांच्या कायद्यासाठीही अण्णा हजारे यांनी आग्रह धरला होता.

कायद्यानुसार गट अ, ब आणि क मधील कर्मचाऱ्याचा एका पदावरील सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा असतो. मंत्रालयाबाहेरील गट क कर्मचाऱ्याची बदली दोन पूर्ण कालावधी, म्हणजे सहा वर्षे, झाल्यावर होते. बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करावयाच्या असतात. मुदतीपूर्वी किंवा वर्षाच्या मध्येच बदली करावयाची तर कारणे लेखी नोंदवून लगतच्या वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यावी लागते. ही कारणे ‘प्रशासकीय सोय’ एवढ्या दोन शब्दांत उरकलेली असतील, तर कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकतो, आणि असे अनेक आदेश तेथे रद्दही झाले आहेत. टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी नागरी सेवा मंडळे स्थापण्याचे निर्देश दिले. २०१८ मध्ये राज्याने समुपदेशनाद्वारे पदस्थापनेची पद्धतही आणली.

या सर्वांमुळे कर्मचाऱ्याला संरक्षण मिळाले. गावाला मात्र तसे मिळाले नाही. बदलीने रिकामी होणारी खुर्ची अमुक दिवसांत भरलीच पाहिजे, असे बंधन कायदा घालत नाही. मे महिन्यात आदेश निघतो, जाणारा कार्यमुक्त होतो, येणारा सोयीचे ठिकाण मिळविण्याच्या खटपटीत असतो. पावसाळा सुरू होतो आणि कार्यभार दुसऱ्याकडे जातो. दुसऱ्या बाजूस, पर्यायी माणूस येईपर्यंत कार्यमुक्त न करण्याची रीत जेथे आहे, तेथे बदली होऊनही कर्मचारी अडकून पडतो. त्याची तक्रारही खोटी म्हणता येणार नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा कायदा लागू होत नाही. त्यांचे धोरण वेगळे आहे. २७ फेब्रुवारी २०१७ च्या निर्णयाने शाळांची अवघड आणि सर्वसाधारण अशा क्षेत्रांत विभागणी झाली व बदल्या संगणकीय प्रणालीतून होऊ लागल्या. अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्याला बदली मागण्याचा अधिकार मिळाला. हे न्याय्यच आहे. परंतु कोकणात अन्य जिल्ह्यांतून नेमणूक झालेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने स्वगृही परततात, तेव्हा त्यांच्या जागी येणारे तितके नसतात, हे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांचे जुने दुखणे आहे.

कायद्याचा उत्तरार्ध फारसा चर्चिला जात नाही. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, अन्य विभागाकडे पाठवावी न लागणाऱ्या प्रकरणात ४५ दिवसांत आणि पाठवावी लागणाऱ्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा, आणि हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे त्यात नमूद आहे. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले. पदनाम कोणतेही असो, नस्ती ज्या टेबलावर आहे तेथे माणूसच नेमलेला नसेल, तर हे सात दिवस कोणाच्या नावावर मोजायचे, याचे उत्तर त्या कलमात सापडत नाही.