मोटारीतला वाटाड्या

दिवाळीच्या आधी आठ-पंधरा दिवस कोल्हापुरात मोटारींचे सुटे सामान विकणाऱ्या एखाद्या दुकानापुढे उभे राहिलात, तर एक देखावा हमखास दिसतो. गाडीचे दार सताड उघडे असते, पुढच्या बैठकीवर एक पोरगेला मेस्त्री आडवा पडलेला असतो, त्याचे डोके डॅशबोर्डाखाली गेलेले असते, आणि गाडीचे मालक बाहेर येरझारा घालीत असतात. जुना रेडिओ काढून नवा सेट बसविण्याचे काम चाललेले असते. पाटीएवढ्या काचेचा हा सेट गाणी ऐकवितो, बातम्या सांगतो आणि "पुढे डावीकडे वळा" असे म्हणून वाटही दाखवितो.

इतिहासाच्या प्राध्यापकाला या विषयात बोलण्यासारखे काय आहे, असे तुम्ही म्हणाल. तर सांगावयाचे ते असे, की या एका डब्यात माणसाच्या दोन जुन्या गरजा येऊन बसल्या आहेत. एक म्हणजे वाट दाखविणारा कोणीतरी सोबत असावा ही, आणि दुसरी म्हणजे दूरचा आवाज आपल्यापर्यंत यावा ही. या दोन्ही गोष्टी मोटारीत कोठून आल्या, कशा आल्या, हे नीट समजून घेतले तर त्यांच्यावर किती विसंबावे हेही आपल्याला कळेल.

आधी वाटेची गोष्ट घेऊ. १६६० सालच्या आषाढात शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून पन्हाळ्यावरून विशाळगडाकडे निघाले. रात्र पावसाची, वाट चिखलाची आणि रानाची. त्या रात्री महाराजांच्या हाती नकाशा नव्हता. होता तो वाटा पायाखालच्या असलेल्या माणसांचा भरवसा. कोणता ओढा पावसात अडवील, कोणत्या पठारावरून पालखी नेता येईल, हे ज्याला ठाऊक तो वाटाड्या. पूर्वीच्या प्रवासात वाटाड्याला फार मोल होते, आणि ते यामुळेच.

पुढे वाटेचे ज्ञान माणसाच्या डोक्यातून कागदावर उतरले. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ साखळ्या टाकून जमिनीवर एक सरळ रेघ मोजली आणि त्या रेघेवरून त्रिकोणामागून त्रिकोण मोजीत हिंदुस्थानच्या मोजणीला आरंभ केला. वीस वर्षे तो हे काम करीत उत्तरेकडे सरकत राहिला आणि १८२३ साली वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे त्याचे काम हिमालयापर्यंत गेले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांमागे अशा मोजणीचे कष्ट आहेत.

हा नकाशा मोटारीत बसविण्याची खटपट मोटारीइतकीच जुनी आहे. १९०९ साली अमेरिकेत जोन्स नावाच्या गृहस्थाने एक गोल तबकडी विकायला काढली. तबकडीवर कागद, कागदाच्या कडेने वाटेवरची वळणे आणि खुणा लिहिलेल्या. मोटारीच्या चाकापासून एक तार त्या तबकडीपर्यंत येई. गाडी जितकी पुढे जाई, तितकी तबकडी फिरे आणि पुढचे वळण काट्याखाली येई. युक्ती नामी होती, पण वाटेत कोणी पाहुणा भेटला आणि तुम्ही गाडी त्याच्या गावाकडे वळविली, की तबकडीचा आणि रस्त्याचा संबंध सुटला. तुम्ही वाट सोडली आहे हे तिला कळण्याची सोय नव्हती.

ही अडचण सुटायला पाऊणशे वर्षे लागली. १९८५ साली अमेरिकेतील एटॅक या कंपनीने मोटारीत बसविण्याचा एक पडदा तयार केला. चाके किती फिरली हे मोजणारे यंत्र, दिशा दाखविणारे होकायंत्र आणि आत साठविलेला नकाशा, या तिन्हींचा मेळ घालून गाडी कोठे आहे हे तो दाखवी. गंमतीचा भाग असा, की तो नकाशा कॅसेटवर भरलेला असे. ज्या फितीवर आपण गाणी ऐकली, त्याच जातीच्या फितीवर रस्ते भरले होते!

त्यानंतर आकाशातले वाटाडे आले. अमेरिकेच्या लष्कराने १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह सोडायला सुरुवात केली. हे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून सतत वेळ सांगत फिरतात. चार उपग्रहांचे संदेश सेटपर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून सेट आपली जागा काढतो. यात घड्याळाची चूक सेकंदाच्या दहालक्षांशाइतकी झाली, तरी तीनशे मीटरचा फरक पडतो. सामान्य लोकांसाठी या संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकण्यात आली, आणि मगच गल्लीबोळात वाट दाखविण्याइतके हे साधन कामाचे झाले. आपल्या देशानेही स्वतःची अशी व्यवस्था उभारली. तिचा पहिला उपग्रह २०१३ साली आणि सातवा २०१६ साली गेला. तिला 'नाविक' असे समर्पक नाव आहे. पुढे काही उपग्रहांतली घड्याळे बिघडली, म्हणून २०२३ पासून नव्या पिढीचे उपग्रह सोडायला सुरुवात झाली. घड्याळ बिघडले की वाट बिघडते, ती अशी.

आता आवाजाची गोष्ट. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन याने १९३० साली आपल्या मोटारीत रेडिओ बसविला, गाडी अटलांटिक सिटीपर्यंत नेली, आणि रेडिओच्या कारखानदारांचा मेळावा भरला होता तिथे बाहेर उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकविली. हाच पुढे 'मोटोरोला' नावाने प्रसिद्ध झाला. त्या काळी रेडिओ बसविणे म्हणजे गाडीची चिरफाडच असे. बॅटऱ्यांची पेटी पायाखालच्या फळीखाली, एरियल टपाच्या अस्तरात, आणि इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर थांबविण्यासाठी आणखी निराळी सामग्री. गॅल्व्हिनने कर्ज मिळावे म्हणून एका बँकवाल्याच्या गाडीत रेडिओ बसवून दिला आणि थोड्याच वेळात ती गाडी पेटली, अशी एक आख्यायिका सांगतात. खरीखोटी कशीही असो, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रेडिओने चालकाचे चित्त विचलित होते, सबब मोटारीत रेडिओ नकोच, अशीही ओरड त्या वेळी अमेरिकेत झाली होती. आजच्या पडद्यांबद्दल आपण हेच बोलतो, नाही का?

युरोपात ब्लाउपुंक्टचा मोटारीतला रेडिओ १९३२ साली आला. त्याची किंमत एका लहान मोटारीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी होती. योगायोग असा, की त्याच वर्षी आपल्या कोल्हापुरात प्रभात कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट तयार केला. तिकडे मोटार बोलू लागली, इकडे पडदा बोलू लागला.

आपल्याकडे मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, आणि दक्षिण महाराष्ट्रासाठी सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली. त्या काळी रेडिओला परवाना लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. घरी रेडिओ असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट, मग मोटारीतल्या रेडिओचे काय सांगावे! पुढे ट्रान्झिस्टर आला, तसा रेडिओ लहान झाला, बॅटरीवरचा भार हलका झाला. मग कॅसेट आली, आणि ट्रकपासून वडापच्या जीपपर्यंत सगळी वाहने गाऊ लागली.

या साऱ्या कथेत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. मोटारीला आवाज आणि वाट या दोन्ही गोष्टी बहुधा कारखान्यात मिळाल्या नाहीत. त्या मागाहून, दुसऱ्या कोणीतरी बसविल्या. आपल्या अँबॅसेडर, फियाट, पुढे मारुती, या गाड्याही बहुधा रेडिओशिवायच घरी येत, आणि मग मालक मेस्त्रीकडे जात. जर्मनीत रेडिओच्या खाचेचे माप ठरले, रुंदी १८० मिलिमीटर आणि उंची ५०, आणि ते जगाने उचलले. म्हणूनच एका देशाचा सेट दुसऱ्या देशाच्या गाडीत बसतो. पडद्याचे सेट याच मापाच्या दुप्पट उंचीचे असतात.

आणि आयते यंत्र उघडून त्यात हात घालण्याची विद्या कोल्हापूरला नवी नाही. बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेऱ्याची रचना समजून घेऊन स्वतःचा कॅमेरा घडविला आणि १९२० साली 'सैरंध्री' लोकांसमोर आणला. डॅशबोर्डाखाली डोके घालून पडलेला आमचा मेस्त्री त्याच गावचा आहे. मात्र पेंटरांनी यंत्र आधी समजून घेतले आणि मग हात लावला, हे विसरून चालणार नाही.

असे का म्हणतो, ते माझ्याच अनुभवावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी मी असाच एक सेट बसवून घेतला. पडदा लखलखीत, आवाज खणखणीत. फक्त रेडिओ लागेना, नुसती खरखर. मेस्त्री म्हणाला, "सर, आता रेडिओ कोण ऐकतंय?" मलाही ते पटले आणि मी गाडी घेऊन आलो.

त्याच वर्षी आषाढात भोगावतीच्या काठच्या एका गावाहून दिवेलागणीला परत येत होतो. सेटने जवळची वाट दाखविली. ती वाट एका बंधाऱ्यावरून जात होती. आपल्या भागात बंधाऱ्यांवरून रस्ते आहेत, आणि पावसाळ्यात बरगे काढले तरी पूर आला की ते पाण्याखाली जातात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. पण पडद्यावर रस्त्याची निळी रेघ सरळ पलीकडे गेली होती, आणि मीही निमूट निघालो होतो. उताराच्या अलीकडे घोंगडे पांघरलेला एक म्हातारा हात आडवा करून उभा राहिला. "कुठं निघालासा सायेब? बंधारा सकाळधरनं पाण्याखाली हाय. रेडूवर सांगितलं की दुपारच्याला!"

मी गाडी वळविली. घरी येऊन चौकशी केली, तेव्हा दुपारच्या बातम्यांत पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांच्या यादीत तो बंधारा होता. दुसऱ्या मेस्त्रीने सेट बाहेर काढला, तेव्हा दिसले की एरियलची तार मागे तशीच लोंबत होती. पहिल्याने ती जोडलीच नव्हती.

वाचकहो, माझ्या सेटमधला नकाशा खोटा नव्हता. बंधाऱ्यावरून रस्ता आहे, ही गोष्ट वैशाख महिन्यात खरीच होती. नकाशा वाट सांगतो. आज त्या वाटेवर काय आहे, हे तो कोणी कळविल्याशिवाय सांगू शकत नाही. मोबाइलला जोडलेल्या सेटला काही बातमी लागते, पण पुरात वीज जाते, मनोरे बंद पडतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच कित्येक दिवस पाण्याने बंद होता, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ३९ फुटांवर गेले की इशारा आणि ४३ फुटांवर गेले की धोका. हा आकडा कानावर पडत राहिला, तर घरून निघावे की नाही, हे नकाशा न पाहताही ठरविता येते.

म्हणून सेट बसवून घेताना चार गोष्टी जातीने पाहा. गाडीच्या मूळ तारा कापून जोड देऊ नका, तुमच्या गाडीला बसेल असा तयार जोड बाजारात मिळतो तो लावा. पिवळी तार बॅटरीची, तांबडी किल्लीची, काळी अर्थिंगची, असा साधारण संकेत असतो. पण रंगावर न विसंबता मेस्त्रीला मीटर लावून खात्री करायला सांगा. फ्यूज योग्य मापाचा हवा, त्याजागी तारेचा तुकडा गुंडाळलेला चालणार नाही. त्या बँकवाल्याची गाडी आठवा. उपग्रहाचा एरियल पत्र्याखाली न ठेवता आकाश दिसेल असा, पुढच्या काचेजवळ ठेवा. आणि रेडिओचा एरियल जोडला आहे ना, हे दुकानापुढेच केंद्र लावून ऐका. कित्येक गाड्यांत एरियलला निळ्या तारेने वीज द्यावी लागते; ती राहिली तर नुसती खरखर ऐकू येते. कायद्याचेही भान असू द्या. २०२० च्या ऑक्टोबरपासून लागू असलेल्या केंद्रीय नियमानुसार गाडी चालविताना हातातले यंत्र केवळ वाट पाहण्यापुरते, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येते. जायचे गाव गाडी सुरू करण्यापूर्वीच सेटमध्ये घालावे, हे उत्तम.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. २०२१ च्या फेब्रुवारीत सरकारने नकाशांवरची पुष्कळ बंधने सैल केली, आणि आता गावोगावचे तपशील अशा नकाशांत भरले जात आहेत. पण परक्या माणसाला तुमच्या वाडीचे नाव नीट लिहिता येईलच असे नाही. पाणंद कोणती आणि डांबरी रस्ता कोणता, हे त्याला दुरून ओळखू येत नाही. एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन बसा. गावाचा नकाशा फळ्यावर काढून घ्या. कोणता ओढा कधी भरतो, कोणता बंधारा किती पाण्याला बुडतो, पुरात वेशीबाहेर पडायची वाट कोणती, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून मुलांनी त्यावर भरावे. पडद्यावरच्या नकाशात चूक दिसली तर ती कळविण्याची सोय बहुतेक नकाशांत असते; तीही मुलांना दाखवा. लॅम्बटनची साखळी हिंगणघाटात थांबली नाही, मागून आलेल्यांनी ती पुढे नेली.

त्या घोंगडेवाल्या म्हाताऱ्याचे नावही मी विचारले नाही, याची रुखरुख आजही वाटते. सेट अजून माझ्या गाडीत आहे आणि चांगला चालतो. पावसाळ्यात मात्र निघण्यापूर्वी मी आधी बातम्या ऐकतो, मग नकाशा लावतो, आणि वाटेत कोणी हात आडवा केला तर गाडी थांबवितो.