पाठीवर घेतलेलं पोर

३ जानेवारीला आपण सावित्रीमाईच्या फोटोला हार घालतो. घोषणा देतो. पांगतो. १० मार्च मात्र आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसतो. मला त्या तारखेबद्दल बोलायचंय.

आधी शाळा. १८४८, पुणे, भिडे वाडा. पुढं १८५२ साली वेताळ पेठेत महारामांगांच्या पोरांसाठी शाळा. जाता-येता अंगावर शेण आलं, दगड आले, तरी बाई शिकवायला जात राहिली. याच शाळांतली मुक्ता साळवे, मांगाची पोर. १८५५ साली तिनं महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. म्हणजे शाळेनं निव्वळ अक्षर दिलं नाही, तोंड दिलं.

आता प्लेग. सप्टेंबर १८९६ ला मुंबईत मांडवीत तो निघाला. गिरणीतला माणूस बोचकं बांधून गावाकडं पळाला. रोग पुण्यात आला. ४ फेब्रुवारी १८९७ ला इंग्रजांनी साथीच्या रोगांचा कायदा केला. सरकारकडं कायदा होता. रोग्याला हात लावायचा तर माणूस लागतो.

जोतिबा १८९० लाच गेलेले. माई पासष्टी ओलांडलेली. लेक यशवंत डॉक्टर. कुणाचा लेक? एका ब्राह्मण विधवेचा, फुल्यांनी दत्तक घेतलेला. दोघांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाडांच्या पोराला गाठ आली. माईनं त्याला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. त्यातच तिला लागण झाली. १० मार्च १८९७ ला ती गेली.

दोस्तहो, नीट बघा. ज्या वस्तीतल्या पोराची सावली नको होती, त्याला शाळेच्या बाईनं अंगाला चिकटवून आणलं. अस्पृश्यतेविरुद्ध याहून मोठं भाषण मी ऐकलं नाय.

मी सोलापूरचा. मागावर बारा तासांची पाळी. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं वाचन खोलीवर, दिव्याखाली. मार्च २०२० ला तोच १८९७ चा कायदा पुन्हा बाहेर निघाला. माग बंद, शाळा बंद. मालकानं हात वर केले. पोरांना सांगितलं, मोबाईलवर शिका. ज्या घरात तेलाला पैसा नाही तिथं मोबाईल कुठला?

तवा आमच्याच शहरात, नीलमनगरच्या कामगार वस्तीत, आशा मराठी विद्यालयाच्या मास्तरांनी घरांच्या भिंती धरल्या. सुमारे ३०० भिंतींवर धडे रंगवले. अक्षरं, गणितं, व्याकरण. पोरं अंतर ठेवून गल्लीत उभी राहून वाचायची. वस्तीनं काय दिलं? आपल्या घराची भिंत दिली. ज्याच्याकडं द्यायला तेवढंच होतं, त्यानं तेवढं दिलं. त्याला मी दान म्हणत नाय. ते १८४८ चं देणं फिटतंय.

साथ आली की गरिबाच्या पोराची शाळा पहिली तुटते. ती जोडायला वरून कुणी येत नाही. शिकलेल्यानं खाली वाकून पोर पाठीवर घ्यावं लागतं.

म्हणून येत्या १० मार्चला हाराचे पैसे वाचवा. चुना आणा, रंग आणा. वस्तीतली एक भिंत पांढरी करा आणि बाराखडी लिहा. आणि ज्या घरात कुणी आजारी असेल, त्या घराचं दार आधी वाजवा.